धुक्यातला गोल

१

हेक्टर स्ट्रॅकन मेलेला सापडला, तेव्हा आधी आम्ही त्याला शिव्या घातल्या.

बर्फावरच्या हॉकीच्या मोसमातला शेवटचा सामना. जो जिंकेल त्याची ढाल. तीन-तीन बरोबरी झाली आणि रिंकमध्ये धुकं इतकं दाटलं की रेफरीने जादा वेळ खेळवायला साफ नकार दिला. सोमवारी पुन्हा खेळा, म्हणाला. आम्ही दमून, चिडून, स्केटचा खडखडाट करत खोलीत शिरलो, तर हा पठ्ठ्या शेगडीजवळचं उबदार बाक अडवून आडवा. तोंडावर टॉवेल.

"ऊठ रे लाटसाहेब," आमचा कप्तान हॅल्डेन म्हणाला. "आम्ही तिकडे तोंडाला फेस येईपर्यंत पळायचं आणि तू इथे झोपा काढायच्या?"

त्याने ओला हातमोजा फेकला. तो टॉवेलवर पडला आणि तिथेच राहिला. हॅल्डेनने पुढे होऊन टॉवेल ओढला. हनुवटीवर डॉक्टरांनी नुकतेच घातलेले टाके होते. कानशील मात्र आत गेलं होतं.

बाकाखाली एक स्टिक पडली होती. तिच्या टोकाला लाल लोकर गुंडाळलेली होती. उत्तरेकडच्या सगळ्या रिंकवर ती लोकर ओळखीची होती. ती तेओ बोद्रीची, समोरच्या ब्लॅक फॉर्क संघातल्या गड्याची. आणि लाकडी भिंतीपलीकडच्या खोलीत तेओ बोद्री गेला अर्धा तास एकटाच बसला होता.

२

तो एकटा का होता, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. संघात सात गडी, राखीव कोणी नाही. एकाला लागलं आणि तो आत गेला, की समोरचा कप्तान आपलाही एक गडी बाहेर काढतो. कुठल्या नियमात हे लिहिलेलं नाही. पण जो काढणार नाही त्याला घरची माणसंसुद्धा वाळीत टाकतील. उत्तरार्धात चकती लागून स्ट्रॅकनची हनुवटी फाटली, डॉक्टर प्रुइट त्याला आत घेऊन गेले, आणि ब्लॅक फॉर्कच्या कप्तानाने बोद्रीला बाहेर काढलं. बर्फावर सहा विरुद्ध सहा राहिले.

डॉक्टर टाके घालून परत आले आणि आमचा मॅनेजर गेज याच्या शेजारी कठड्याला टेकून उभे राहिले. दोघांना अख्ख्या गावाने पाहिलं. प्रेक्षकांतून खोल्यांकडे जायचं दार एकच, आणि त्या दाराला पाठ लावून कॉन्स्टेबल डूली खुर्ची टाकून बसला होता. मागच्या वर्षी पैजा हरलेले लोक आत घुसले होते, तेव्हापासूनची ही व्यवस्था.

डूलीचं गणित सोपं झालं. बर्फावरचे सगळे बर्फावर, बाहेरचे सगळे बाहेर, मधे उरला बोद्री. त्याने बोद्रीला बेड्या घातल्या. बाहेर खाणीतले लोक जमले होते आणि कुणीतरी दोर आणलाही होता.

आता गंमत बघा. याच लोकांनी शरद ऋतूत स्ट्रॅकन गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या बुटांवर थुंकून त्याचं स्वागत केलं होतं. कारण त्याच्या आधीच्या मोसमात तो ब्लॅक फॉर्ककडून खेळत होता, आणि त्याच्या स्टिकने आमचा नेड कॉर्बिन मेला होता. खटला झाला. ब्लॅक फॉर्कचे सगळे गडी ओळीने उभे राहिले आणि बायबलवर हात ठेवून म्हणाले, आम्हाला काही दिसलं नाही. स्ट्रॅकन सुटला. आणि मग आमच्या गेजने त्यालाच करार देऊन केर्न लेकला आणला. "गोल करतो ना?" म्हणाला. करायचा. जानेवारीपर्यंत थुंकणारे लोकच टोप्या उडवायला लागले.

मी टोपी उडवली नाही. मी अँगस मॅकिलरॉय, केर्न लेकचा गोलकीपर. नेड माझ्या खोलीत राहायचा. कोवळा पोरगा. कॉलेजात शिकत होता, आणि पैसे घेऊन खेळतो हे कळलं तर कॉलेज हाकलून देईल म्हणून खोट्या नावाने खेळायचा. असे खोट्या नावाचे तेव्हा प्रत्येक संघात होते. खरं नाव त्याने मलाही सांगितलं नाही. माझं खिशातलं घड्याळ बंद पडलं की टाचणी घेऊन बसायचा आणि चालू करून द्यायचा. "घरचाच धंदा," म्हणायचा आणि हसायचा. आम्ही त्याला खोट्या नावानेच पुरला. आणि ज्याने त्याला मारलं त्याच्या मांडीला मांडी लावून मी अख्खा मोसम स्केटचे बंद बांधले. रोज वाटायचं, याच्या गळ्याभोवती बांधावेत.

म्हणून दोर बघून मला नवल वाटलं नाही. राग स्ट्रॅकनसाठी नव्हताच. राग कॉर्बिनचा होता, वर्षभर साठलेला. त्याला फक्त ब्लॅक फॉर्कचा एक गळा हवा होता.

तेवढ्यात रेफरी ट्रॅनटर दारात उभा राहिला. उंच, किडकिडीत, शहरातला वकील. त्याला दोन्ही गावं सारख्याच मनापासून शिव्या द्यायची.

"डूली, हा माणूस कोठडीत जाईल आणि दार आतून बंद होईल," तो म्हणाला. "मी सामना बरोबरीत थांबवलाय. संपवलेला नाही. तो संपेपर्यंत यातले सगळे गडी माझ्या ताब्यात."

"खून झालाय, साहेब!"

"म्हणूनच." मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "मॅकिलरॉय, उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. तू आज शुद्धीवर दिसणारा एकटाच आहेस."

"माझ्यावर संशय आहे की काय?"

"तू जागा सोडली असतीस तर ब्लॅक फॉर्कने दहा गोल केले असते," ट्रॅनटर म्हणाला. "तीन तर तू असतानाच केले."

३

रविवारी सकाळी कोठडीत बोद्री भिंतीला चिकटून बसला होता. रात्रभर बाहेर आरडाओरडा चालू होता, त्यामुळे त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"तुझी स्टिक तिथे कशी?" ट्रॅनटरने विचारलं.

"बोळात भिंतीला टेकवली होती, साहेब. ओली होती. दोन्ही खोल्यांच्या मधला बोळ आहे ना, तिथे."

"बोळातून कोण गेलं?"

"कोणी नाही."

"नीट आठव."

"डॉक्टर गेले बाहेर. त्यानंतर कोणीच नाही. आईची शपथ! कोणी आलं असतं तर ऐकू आलं असतं ना! फळ्यांची जमीन आहे, स्केट घालून मांजर गेलं तरी कळतं."

मी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, स्वतःचा गळा स्वतःच आवळतोयस! कोणीतरी आलं होतं असं म्हण की!"

"पण आलंच नाही तर कसं म्हणू?" तो रडकुंडीला आला.

आम्ही बाहेर पडलो. "खुनी असता तर पहिल्याच वाक्यात त्याने पावलं ऐकली असती," ट्रॅनटर म्हणाला. "फुकटचं खोटं समोर असताना त्याने उचललं नाही. म्हणजे त्याला खरंच खडखडाट ऐकू आला नाही."

"मग कोणी आलं नाही."

"स्केट घातलेलं कोणी आलं नाही. तुम्ही लोक बर्फावरून येणारा माणूस म्हटलं की स्केटवरच येणार असं धरून चालता."

आम्ही गेजकडे गेलो. तो अंडी खात होता. स्ट्रॅकन पुढच्या मोसमात दुसरीकडे जाणार होता आणि त्यावरून दोघांचं वाजलं होतं, हे त्याने आपणहून सांगितलं. "पण मी त्याला शेवटच्या सामन्याच्या मधेच मारीन होय? निदान सामना जिंकेपर्यंत तरी थांबलो असतो!" मला ते पटलं. गेजला आम्ही ओळखतो. त्यानेच स्ट्रॅकनच्या घरी तारही केली होती. "करावी लागते," तो तोंड पुसत म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, "मी निघालो तेव्हा चांगला शुद्धीत होता. माझ्या आईबद्दल बोलत होता, तेही फारसं चांगलं नाही."

"आणि तुम्ही परत आल्यावर खेळ कुठे चालला होता?"

"पलीकडच्या टोकाला. आपली पोरं त्यांच्या गोलवर तुटून पडली होती. मग त्यांचा तो लांबटांग्या सुटला आणि… तो गोलचा तंटा झाला बघा."

ट्रॅनटर दाराकडे वळला. "चल, मॅकिलरॉय. रिंकवर."

४

तो तंटा सांगतो. धुकं असं होतं की मधल्या रेषेपलीकडचं मला दिसत नव्हतं. एकदम त्यातून ब्लॅक फॉर्कचा गडी एकटा बाहेर आला आणि त्याने चकती हाणली. पुढच्या क्षणी चकती माझ्या मागच्या फळ्यांशी पडलेली. ते ओरडले, गोल! आम्ही ओरडलो, कसला गोल! ट्रॅनटर धुक्यातून आला आणि जाळीमागे उभ्या असलेल्या गोलपंचाकडे गेला. गोलपंचाने गोलची खूण म्हणून रुमाल वर केलेला नव्हता. "उजव्या खांबाच्या बाहेरून गेली," तो म्हणाला. विषय संपला. कारण तो गोलपंच सायलस पेंगेली होता.

पेंगेली मागच्या उन्हाळ्यात गावात आला, छोटंसं दुकान टाकलं. तो कुणाचा नातलग नव्हता आणि पैजही लावत नव्हता, म्हणून दोन्ही संघांनी त्याला पंच केला. डिसेंबरमध्ये त्याने शेवटच्या क्षणी आमच्या विरुद्ध गोल दिला तेव्हा लोकांनी त्याच्या दुकानाची काच फोडली. त्याने नवी काच बसवली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जाळीमागे येऊन उभा राहिला. असल्या माणसाच्या शब्दावर कोण वाद घालणार?

रिंक रिकामी होती. बर्फावर पाणी साचलं होतं. ट्रॅनटर गुडघ्यावर बसला आणि जाळी चाचपायला लागला. उजव्या कोपऱ्यात खाली ती फाटलेली होती. मूठ जाईल एवढं भोक.

"मॅकिलरॉय," तो वर न बघता म्हणाला, "चकती आत गेली होती का?"

मी त्या भोकाकडे बघत उभा राहिलो.

"गोल झाला असेल तर ढाल ब्लॅक फॉर्कची. सोमवारी सामना होणार नाही. मला माहीत आहे मी काय मागतोय. पण तू गप्प बसलास तर तिकडे तो मूर्ख फासावर जाईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ब्लॅक फॉर्कसाठी! ज्यांनी कोर्टात ओळीने उभं राहून नेडला दुसऱ्यांदा मारलं, त्यांच्या एका माणसासाठी मी अख्खा मोसम देऊन टाकायचा? हॅल्डेन मला कच्चा खाईल. गाव माझ्या काचा फोडेल. मी बर्फावर थुंकलो आणि मग बोद्रीचं ते "पण आलंच नाही तर कसं म्हणू" आठवलं. त्या दिवशी कोर्टात खोटं बोललेला माणूस आज स्वतःला वाचवायलासुद्धा खोटं बोलला नव्हता.

"डाव्या खांबाच्या आतून आली," मी म्हणालो. "माझ्या पायाला घासून आत गेली आणि त्या भोकातून बाहेर पडली. गोल होता. चांगला गोल होता, मरो तो."

"म्हणजे पेंगेली खोटं बोलला."

"पेंगेली? तो खोटं बोलत नाही हो!"

"बरोबर. मग तो का बोलला? पैज लावत नाही, तुमचा नाही, त्यांचा नाही. त्याने चकती कुठे पडली आहे ते पाहिलं आणि अंदाज बांधला. गोल नाकारायचा म्हणून नाही. गोल त्याला दिसलाच नव्हता म्हणून." ट्रॅनटरने जाळीमागच्या छोट्या फाटकाकडे पाहिलं. बर्फ खरवडणारे त्यातून येतात. त्याच्यामागे तो बोळ. "बर्फावर काल बारा गडी होते म्हणून तुम्ही सगळे मोजता. पंच हे खांबासारखे, त्यांना कोण मोजतो? पण तेही बर्फावरच असतात. आणि जाड लोकरी बूट घालून असतात. ते फळ्यांवर वाजत नाहीत."

"पण स्ट्रॅकनशी त्याचं काय वैर?"

"ते मला माहीत नाही," ट्रॅनटर म्हणाला. "कसलं दुकान आहे त्याचं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला नेडची ती टाचणी आठवली. पेंगेली घड्याळं दुरुस्त करायचा.

५

रविवार असूनही दुकानाचं दार उघडं होतं. पेंगेली कोट घालून, टोपी मांडीवर ठेवून बसला होता. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "गोल होता ना?"

"होता," मी म्हणालो.

"तेवढंच एक मनाला लागून राहिलं होतं. आयुष्यात चुकीचा निकाल कधी दिला नाही मी."

ट्रॅनटरने टोपी काढली. "नेड कॉर्बिन तुमचा कोण?"

"एडविन पेंगेली नाव त्याचं. एकुलता एक. कॉलेजात आहे असं आम्ही समजत होतो. खटल्याच्या बातमीतल्या फोटोवरून कळलं." त्याचा आवाज सरळ होता, घड्याळाचा भाव सांगावा तसा. "थडग्यावर खरं नाव घालावं म्हणून मी इथे आलो. दगड सांगायला गेलो, तर दगडवाला म्हणाला, कॉर्बिनला मारणारा आता आपल्याच संघात येतोय. मग मी दगड सांगितला नाही. दुकान घेतलं."

"अख्खा मोसम थांबलात?"

"तो एकटा सापडत नव्हता. काल सापडला. डॉक्टर गेले, चकती लांब होती, धुकं होतं. बोळात स्टिक होती. टॉवेल बाजूला करून त्याला नाव सांगितलं. त्याने ते ऐकलं. मग मारलं. एडविनला जिथे मारलं तिथेच." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्याचे खोलीतले सोबती ना? तुम्हालाही वाईट वाटत नसेल."

नव्हतं वाटत. मी ते सांगितलं.

"आणि बोद्री?" ट्रॅनटरने विचारलं. "त्याला फाशी होऊ दिली असती?"

"हो," पेंगेली म्हणाला. "माझ्या मुलापासून हातभर अंतरावर उभा होता तो. कोर्टात म्हणाला, काही दिसलं नाही. मलाही काही दिसलं नसतं."

तो आमच्याबरोबर चालत कोठडीपर्यंत आला. डूली बोद्रीच्या बेड्या काढून खिशात टाकायला लागला, तर पेंगेलीने त्याला थांबवलं आणि आपले हात पुढे केले.

६

ट्रॅनटरने चर्चच्या पायरीवर उभं राहून दोन्ही निकाल एकदमच सांगितले: खून कुणी केला आणि ढाल कुणाची. दुसऱ्या निकालावर जास्त आरडाओरडा झाला. हॅल्डेन माझ्याशी बोलायचा बंद झाला, तो अजून बोलत नाही.

बोद्रीला दुपारच्या गाडीत बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण खाणीतले लोक फलाटावर घुटमळत होते आणि त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. गाडीची शिट्टी लांबून ऐकू आली तेव्हा बोद्रीने विचारलं, "म्हाताऱ्याला फाशी होईल?"

"होईल. नाहीतर काय हार घालतील?"

तो सामानाच्या हातगाडीवर मटकन बसला. "मॅक, स्ट्रॅकनने नाही मारलं त्या पोराला."

"काय बरळतोस?"

"गर्दी झाली होती. सगळे एकमेकांत. मी चकतीसाठी स्टिक उचलली, गर्रकन वळलो… लागली ती माझी. मुद्दाम नाही रे! स्ट्रॅकन नुसता शेजारी उभा होता, स्टिक उगारून, म्हणून लोकांना वाटलं तोच. मला म्हणाला, तू गप्प बस, मीही बसतो. माझ्या नावाची धास्ती बसली की माझा भाव वाढतो, म्हणाला. आणि वाढलाच ना! तुमच्या गेजने काय दिलं त्याला!"

गाडी आली. फलाटावर एक हाक मारली असती की दोर आलाच असता, आणि मी हाक मारायला तोंड उघडलंही होतं. त्याला वाचवायला मी मोसम दिला होता. मी त्याची कॉलर धरली आणि गाडी जाऊ दिली. "चल," म्हणालो. "हे त्याला सांग. तुझ्या तोंडाने."

खरं सांगतो, दया म्हणून नाही नेलं. मला वाटलं होतं, म्हातारा गजांतून हात घालून याचा गळा धरील. मला ते बघायचं होतं. मी बोद्रीला गजांना चिकटूनच उभा केला.

बोद्रीने सगळं सांगितलं. रडत सांगितलं. पेंगेली बाकावर बसून ऐकत होता. तो उठला नाही. बोद्रीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मग त्याने मान वर केली आणि मला विचारलं, "स्ट्रॅकनचं मागे कोणी आहे?"

"बाप आहे," मी म्हणालो. "तार गेलीय. उद्याच्या गाडीने येतोय."